मु. पो. कडुनिंब, शेलूबाजार

लॅपटॉप घेऊन पंधरा दिवस गावी गेलो होतो, ‘वर्क फ्रॉम होम’ करायला. तिथे कळलं, की आमच्या धुऱ्यावर एक बाई दोन महिन्यांपासून स्वतःला कोंडून घेऊन हेच करतेय. आणि तिचं घर येत्या सोमवारी विकलं जाणार आहे!

‘‘गाव कुठलं तुझं?’’ ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न आला की मी आधी एक दीर्घ श्वास घेतो.
‘‘वाशीम.’’
‘‘ओह, म्हणजे नवी मुंबई!’’
वाशी नाही हो, वाशीम. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्यातला मंगरुळपीर तालुका आणि त्यातलं शेलूबाजार. पुण्याहून संध्याकाळी स्लीपर कोचमध्ये चढायचं, सकाळी डोळे चोळत उठलं की मेहकर, मग मालेगाव (नाशिकचं नव्हे, आमचं) आणि मग आपला स्टॉप. नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना हायवे आणि अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. म्हणून चौक आणि चौकात चहाच्या टपऱ्या, कृषी केंद्रं, मोबाइलची दुकानं. आता गावाजवळ समृद्धी महामार्गाचा इंटरचेंजही आहे. त्या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. मी शेलूबाजारात उतरलो ती तारीख होती ७ जून २०२५.

थोडक्यात, लोक आमच्या गावावरून जातात. गावात येत नाहीत. मीही खरं तर वर्षातून दोनदाच येतो, दिवाळीला आणि कुणाच्या तरी लग्नाला. या वेळी कारण वेगळं होतं. पुण्यातल्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट संपलं होतं, नवा फ्लॅट महिनाअखेरीला मिळणार होता. मॅनेजरला म्हटलं, पंधरा दिवस गावाहून काम करतो. नेटवर्क येतं का, एवढंच त्यानं विचारलं. येतं. गच्चीच्या एका कोपऱ्यात, पण येतं.

पैसे काय झाडाले लागते?

पहिल्याच दिवशी चहा घेताना दादानं बातमी दिली.
‘‘धुऱ्यावरच्या कडुनिंबाचा सौदा केला. सोमवारी येते आरामशीनवाला.’’
‘‘कुठला? आजोबांनी लावलेला?’’
‘‘तोच. अर्धा वाळला हाये. दोन वर्षं झाली, त्या बाजूनं पाला नाही. अठरा हजार देतो म्हणते.’’
मी काहीतरी भावूक बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानंच पुढचं वाक्य टाकलं, ‘‘बियानं, खत, ट्रॅक्टरवाला. पैसे काय झाडाले लागते?’’
या वेळी ते खरंच झाडालाच लागले होते, पण हे बोलायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी वावरात गेलो. झाडाखाली बसलो, फोनमध्ये दोन फोटो काढले, इन्स्टावर ‘गुडबाय ओल्ड फ्रेंड’ वगैरे टाकायच्या विचारात होतो. तेवढ्यात वरून ‘चीऽऽ’ असा कर्कश आवाज करत एक राखाडी पक्षी आला. घारीएवढा, शेपूट लांब, चोच वाकडी आणि चोचीवर छोटंसं शिंग. राखी धनेश. आमच्याकडे तो दुर्मीळ नाही, लहानपणापासून बघतोय. पण तो वाळक्या बुंध्याला लटकला आणि एका लिंपलेल्या जागेत चोच घालू लागला, हे मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर एक ढोली होती. तिचं तोंड कुणीतरी गवंड्यासारखं लिंपून टाकलं होतं. मधे फक्त एक उभी, बोटभर रुंदीची फट. नरानं गळ्यातून एक उंबर वर काढलं, फटीतून आत दिलं. मग दुसरं, मग तिसरं. आतून एका चोचीचं टोक बाहेर यायचं, फळ घेऊन आत जायचं. सात-आठ उंबरं झाली आणि हा गडी पुन्हा उडून गेला. पंधरा मिनिटांनी परत. आपल्याकडे दहा मिनिटांत जेवण पोचवणारी अ‍ॅप्स आहेत, पण दोन महिने एकाच पत्त्यावर, बिनतक्रार, टिप न घेता? नाव सांगा!

धनेशाची गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचल्यासारखी अंधूक आठवत होती. रात्री नीट वाचून काढली. मादी ढोलीत शिरते आणि नरानं आणून दिलेल्या चिखलाच्या गोळ्या आणि स्वतःची विष्ठा वापरून दार आतून बंद करते. म्हणजे तिला कुणी कोंडत नाही, ती स्वतःला कोंडून घेते. एक ते पाच पांढरी अंडी घालते. आत असतानाच तिच्या पंखांतली उडायची पिसं झडतात. पिल्लं मोठी होईतो नवी पिसं येतात, मग ती दार फोडून बाहेर. या सगळ्या काळात ती उडूच शकत नाही. साप, घोरपड, माकड कुणीही त्या फटीतून आत शिरू शकत नाही, हा फायदा. आणि तोटा? बाहेरचा नर मेला, तर आतल्या सगळ्यांचं अवघड. झाड पडलं, तर विषयच संपला.

आमच्या सालदाराच्या म्हणण्याप्रमाणे दार लिंपलं गेलं ते एप्रिलच्या सुरुवातीला. म्हणजे दोन महिने उलटून गेले होते. झाडाखाली शांत उभं राहिलं, की आतून पिल्लांची चिरचिर ऐकू येत होती. आणि सोमवार दोन दिवसांवर होता.

जंगलाच्या दोन शिफ्ट

रविवारी दादाचा एक मित्र मला बाइकवरून महानकडे घेऊन गेला. शेलूबाजारहून अकोल्याच्या दिशेला निघालं, की वाटेत महान लागतं, काटेपूर्णा नदीवरचं धरण. अकोला शहर हेच पाणी पितं. धरणाला खेटून काटेपूर्णा अभयारण्य आहे, १९८८ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे ७३ चौरस किलोमीटरचं. वाघ-बिघ बघायला इथे कुणी येत नाही. इथली खासियत चौसिंगा आणि पक्षी.

‘उष्ण कटिबंधातलं जंगल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिस्कव्हरीवालं अ‍ॅमेझॉन येतं. हिरवंगार, ओलं, वर्षभर टपटपणारं. आमचं जंगलही उष्ण कटिबंधातलंच, सखल भागातलं. पण कोरडं, पानझडी. साग, पळस, मोह, सालई. मे महिन्यात गेलात तर म्हणाल, हे काय, सगळं वाळून गेलंय! पाचोळ्यावर पाय टाकला तर पापड मोडल्यासारखा आवाज येतो. आणि गंमत म्हणजे याच मरगळलेल्या दिसणाऱ्या जंगलात तेव्हा निम्म्या मंडळींचा ‘पीक सीझन’ चालू असतो.

मला एक साधं गणित समजलं. इथले पक्षी दोन शिफ्टमध्ये संसार करतात.

पहिली शिफ्ट कोरडी. फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत. यात मोठे पक्षी आणि ढोलीवाले जास्त. शिक्रा, सुतार, तांबट, धनेश. झाडांना पानं नसल्यामुळे शिकाऱ्याला खालचा सरडा स्पष्ट दिसतो. ढोलीत पाणी शिरत नाही. वड-उंबर फळतात. आणि पिल्लं बाहेर पडून स्वतः खायला शिकतात, तोवर पाऊस येऊन जेवणाची पंगत मांडलेली असते. तांबटाचं ‘टुक टुक टुक’ तुम्ही पुण्या-मुंबईतही ऐकलं असेल. हा चिमणीपेक्षा जरासा मोठा पक्षी वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला चोचीनं गोल भोक पाडतो. खालच्या अंगाला कशाला? पाऊस आत येऊ नये म्हणून. आमच्या सोसायटीच्या बिल्डरनं यांच्याकडे क्लास लावायला हवा होता.

दुसरी शिफ्ट ओली. पहिल्या पावसापासून सप्टेंबरपर्यंत. यात किडे खाणारे, गवताचं बी खाणारे, दाट पाल्यात लपून घरटं करणारे. पाऊस पडला की पंधरा दिवसांत अळ्या, नाकतोडे, पतंग यांचा पूर येतो. दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना आधी किडेच भरवतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात. याच वेळी नवरंग येतो. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर मध्य भारतातल्या जंगलात येऊन जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर काड्या-पानांचा गोल, बाजूला दार असलेला गोळा बांधतो. नऊ रंगांचा पक्षी आणि घरटं मात्र असं, की पाचोळ्याचा ढीग समजून तुम्ही पुढे निघून जाल.

दोन शिफ्टच्या मधोमध असतो जून. म्हणजे आमच्या पेरणीचा महिना. पहिल्या शिफ्टवाल्यांचं पॅकअप चाललेलं, दुसऱ्या शिफ्टवाल्यांचं पंचिंग. नेमकं याच वेळी माणूस वावर साफ करतो, धुरे जाळतो, वाळकी झाडं विकतो, ट्रॅक्टर फिरवतो. कुणी वाईट नसतं. फक्त सगळ्यांची डेडलाइन एकाच महिन्यात येते.

ढोलीचा रेट

वाळकं झाड म्हणजे आपल्यासाठी सरपण. पक्ष्यांच्या बाजारात मात्र त्याचा रेट सर्वांत जास्त. कारण ढोली खोदणारे थोडे आणि राहणारे भरपूर. सुतार आणि तांबट खोदतात. पोपट, मैना, पिंगळा, दयाळ बहुतेक करून तयार ढोल्या शोधतात. धनेशाला तर मोठी ढोली लागते, आणि ती तयार व्हायला झाडाचं वय लागतं. फांदी मोडायची, तिथे कुजायचं, पोकळी वाढायची, यात कित्येक वर्षं जातात. वाळकं खोड तोडलं, की पुढच्या मोसमात तिथे कुणी ‘टू बीएचके’ बांधून देत नाही.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात रानपिंगळा आहे. तोही सागाच्या कोरड्या जंगलातला, तोही ढोलीत अंडी घालणारा. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. नामशेष झाला, असंच बरेच जण धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना तो नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी! मधल्या काळातली एक नोंद होती, मेनर्टझहॅगन नावाच्या ब्रिटिश कर्नलची, १९१४ ची. तीही बनावट निघाली. पठ्ठ्यानं संग्रहालयातला जुना पक्षी चोरून त्यावर नवं लेबल लावलं होतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा लोक रेझ्युमे फुगवत होतेच.

रविवारी रात्री मी हे सगळं दादाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, ‘‘तीन आठवडे थांबायचं म्हणतं ना? पाऊस पडला की वावरात त्याचा ट्रक येते का? काळी माती हाये, बाबू. चाकं रुतते. मंग डायरेक्ट दिवाळी. तोवर बियान्याचे पैसे कोण देते, तुहा धनेश?’’

हा मुद्दा माझ्या कुठल्याच वेबसाइटवर नव्हता.

‘पेर्ते व्हा’ कोण म्हणतंय?

त्या वर्षीचा पाऊसही विचित्र. मान्सून २४ मे ला केरळात, २६ मे ला थेट मुंबईत. टीव्हीवर सगळे खूश. आणि मग जो थांबला, तो विदर्भात यायला जूनचा मध्य उजाडला. मेमधल्या सरींनी जमीन ओली झाली होती, काहींनी पेरूनही टाकलं. कृषी खातं सांगत होतं, घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. पेरलं आणि पाऊस हटला, तर दुबार पेरणी. म्हणजे बियाण्याचा खर्च दोनदा. दादा रोज सकाळी आभाळाकडे बघायचा, जसं आपण अप्रायझलच्या महिन्यात इनबॉक्सकडे बघतो.

आणि कडुनिंबाच्या मागच्या बाभळीतून पावशा दिवसभर ओरडत होता. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा!’ आपल्याकडे त्याच्या आवाजाला हेच शब्द बसवलेत. शहरातल्या वाचकांसाठी सांगायचं, तर हा शिक्र्यासारखा दिसणारा कोकीळकुळातला पक्षी. त्याला पेरणीशी काही देणंघेणं नाही. तो मादीला बोलावतोय. मादी स्वतः घरटं बांधतच नाही. ती सातभाईंच्या घरट्यात गुपचूप एक निळं अंडं ठेवून जाते. सातभाईंची अंडीही निळीच, त्यामुळे पत्ता लागत नाही. चातकाचंही तेच. तो आफ्रिकेकडून मान्सूनच्या सोबतीनं येतो आणि सातभाईंकडेच बिल फाडतो. कोकीळ कावळ्याला गंडवते. बिचारे सातभाई, थव्यानं राहतात, एकमेकांची पिल्लं भरवतात आणि ऑफिसातल्या गरीब स्वभावाच्या माणसासारखे दुसऱ्यांचंही काम ओढतात.

पण गावातली माणसं पक्ष्यांकडून हवामान विचारतात, त्यात फक्त भाबडेपणा नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. बाबा सांगतात, टिटवीनं उंचवट्यावर अंडी दिली तर पाऊस जोराचा. कावळ्यानं आंबा, करंजावर घरटं केलं तर चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर बेताचा. कावळ्याबद्दलचं हे लोकज्ञान महाराष्ट्रात घराघरांत पोचवलं ते मारुती चितमपल्लींनी. वन खात्यात नोकरी करत त्यांनी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटची जंगलं पालथी घातली, पारधी-गोंड माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली, पक्षिकोश लिहिला. मी गावात असतानाच, १८ जूनला, ते गेले. बातमी फोनवर आली तेव्हा आम्ही वावरातच होतो. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं बाभळीवरच्या कावळ्याच्या घरट्याकडे बघून म्हणाले, ‘‘त्यायनं सांगतलं ते बरोबर निघते का नाही, ते सोड. पण या लोकायले वर पाहाले लावलं ना त्यायनं!’’

कावळ्याचं घरटं शास्त्राच्या कसोटीला किती उतरतं, हा वेगळा विषय. पण ज्या गावात लोक घरट्यावरून पाऊस वाचतात, तिथे निदान घरटं कुठे आहे हे लोकांना माहीत असतं. माझ्या पुण्याच्या सोसायटीत बाराशे माणसं राहतात. घरटं कुठे आहे, हे एकालाही सांगता येणार नाही. मलाही नाही.

फ्लॅट बघायला येताय?

नवा फ्लॅट शोधताना मी तीन महिन्यांत चौदा घरं बघितली होती. त्यामुळे विहिरीवरच्या सुगरणीशी माझं लगेच जमलं.

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला पहिल्या पावसानंतर सुगरण पक्ष्यांची कॉलनी लागते. खाली पाणी, वर काटे, साप-मांजरांना नो एंट्री. बहिणाबाईंच्या खोप्यामुळे आपल्याला वाटतं, की घरटं बाई बांधते. बांधतो मात्र नर. पिवळ्या टोपीचा नर गवताच्या, पात्यांच्या लांब पट्ट्या चोचीनं फाडून आणतो, एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा घालतो. आठेक दिवसांत हेल्मेटच्या आकाराचं अर्धं घर तयार होतं. आणि इथे खरी गंमत. पुढचं काम थांबतं. नर घरट्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, खेचून बघतात, निघून जातात. पसंत पडलं, तरच सौदा. मग बोळाचं दार वगैरे पूर्ण होतं, आतली सजावट मादी बघते. एकूण काम अठरा दिवसांचं. पसंत पडलं नाही, तर तो ‘सॅम्पल फ्लॅट’ तसाच लटकत राहतो. माळरानावर लटकलेली अर्धी घरटी बघितली असतील ना? ते सगळे न विकले गेलेले प्रोजेक्ट.

आणि पसंत पडलं की साहेब तिथेच स्थिरावत नाहीत. मादीनं दोन ते चार अंडी घातली, की हा शेजारच्या फांदीवर दुसरं घर बांधायला घेतो, दुसरीसाठी. हे सगळं नीट बघितलं ते सालिम अलींनी, १९३० च्या सुमारास, अलिबागजवळच्या किहीमला. जर्मनीहून शिकून परत आले होते, हातात नोकरी नव्हती. समुद्रकाठच्या घराजवळ सुगरणींची कॉलनी होती. ते रोज बसून बघत राहिले. बेकारीच्या त्या महिन्यांतून निघालेल्या निबंधानं त्यांचं नाव झालं. सध्या बेंचवर असलेल्या मित्रांसाठी ही ओळ मुद्दाम.

इतकी कमी अंडी का?

एक प्रश्न मला छळत होता. धनेश दोन-तीन पिल्लांसाठी एवढा आटापिटा का करतो? युरोपातला रामगंगेच्या कुळातला ‘ग्रेट टिट’ एका वेळी आठ-नऊ अंडी घालतो. आपल्या उष्ण मुलखातले बरेचसे छोटे पक्षी दोन, तीन किंवा चारवर थांबतात. जेवण कमी पडतं म्हणून? अलेक्झांडर स्कच नावाच्या माणसानं कोस्टा रिकाच्या जंगलात आयुष्य काढून १९४९ मध्ये वेगळं उत्तर मांडलं. उष्ण कटिबंधातल्या जंगलात घरटी लुटणारे खूप आहेत. साप, सरडे, माकडं, इतर पक्षी. जितकी पिल्लं जास्त, तितक्या आईबापांच्या खेपा जास्त, तितकं घरटं उघडं पडायची भीती जास्त. त्यापेक्षा कमी पिल्लं, कमी येजा. एक डाव गेला, तर पुन्हा नवा. वाद अजून संपलेला नाही, पण ओल्या जंगलांतल्या अभ्यासांत निम्म्याहून जास्त घरटी पिल्लं उडायच्या आत लुटली गेल्याचं वारंवार दिसलंय.

म्हणजे यशाचा दर कमी असणार, हे धरूनच यांचं बजेट आहे. सुगरणीचं गेलं, तर ती त्याच पावसाळ्यात दुसरं घर बघेल. टिटवीचं गेलं, ती पुन्हा अंडी देईल. ढोली गमावलेल्या धनेशाला मात्र त्या वर्षी दुसरा चान्स नाही. पिसं झडलेली मादी जमिनीवर पडली, तर तिला उडताही येणार नाही.

हे मी दादाला पुन्हा सांगितलं नाही. रविवारीच सांगून झालं होतं. सोमवारी सकाळी आठ वाजता माझा स्टँड-अप कॉल होता आणि नऊ वाजता आरामशीनवाला येणार होता. कॉल संपवून मी वावरात पोचलो तर दादा एकटाच झाडाखाली उभा. वर बघत. नर येऊन गेला होता, बहुतेक. पायाखाली एक अर्धवट पिकलेलं उंबर पडलं होतं.
‘‘आला नाही का तो?’’
‘‘फोन केला त्याले. म्हटलं, दिवाळीले पाहू.’’
‘‘आणि पैसे?’’
‘‘तू देणार हायस ना?’’ तो हसला नाही. ‘‘उधार. वहीत लिहून. सोयाबीन आलं की परत. आन् दरवर्षी असं मांगायचं नाही मले. मी काय पाखरायचा दवाखाना नाही टाकेल.’’

अठरा हजार मी तिथेच, विहिरीच्या काठावर उभा राहून, यूपीआय केले. नव्या फ्लॅटच्या डिपॉझिटमधून. एवढ्या चटकन मी आयुष्यात पैसे दिलेले नाहीत, आणि सांगायला हरकत नाही, पुढचे दोन दिवस थोडं टेन्शनही आलं.

वावरातलं बेट

पाऊस आला. पेरणीला ट्रॅक्टर लागला त्या दिवशी एक टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत पुढे पळत होती, एक पंख मोडल्यासारखा फरफटत. ही तिची जुनी ट्रिक. शत्रूला लंगडी शिकार दाखवायची आणि घरट्यापासून दूर न्यायचं. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा खळगा, चार मातकट ठिपक्यांची अंडी. ढेकळांत ठेवली तर समोर असून दिसत नाहीत. २८ ते ३० दिवस उबवावी लागतात. उन्हाळ्यात उबवणं कसलं, गार ठेवावी लागतात. त्यासाठी ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर बसते. आपला डेझर्ट कूलर!

दादानं हात केला. ट्रॅक्टरवाल्यानं न विचारता स्टीअरिंग वळवलं आणि अंड्यांभोवती एका खाटेएवढी जागा सोडून पुढे गेला. बाबा म्हणाले, त्यांचे वडीलही तिफण अशीच वळवायचे. या सवयीला आमच्या घरी काही नाव नाही. कुणी त्याचा फोटोही काढत नाही. जागेचा हिशेब केला तर मूठभर सोयाबीन.

मी २२ जूनला पुण्याला परतलो. २८ तारखेला सकाळी सालदारानं पाठवलेला व्हिडिओ दादानं फॉरवर्ड केला. लिंपण फुटलेलं. ढोलीचं काळं तोंड उघडं. आणि वरच्या हिरव्या फांदीवर, पानांत, तीन राखाडी आकृती. चौथी आहे की फांदी, ते मला झूम करूनही कळलं नाही. खाली दादाचा मेसेज, ‘फ्लॅट खाली झाला.’

दिवाळीत आरामशीनवाला पुन्हा आला. दादानं सौदा केला, पण वाळक्या फांद्यांचा. ढोलीचं खोड आणि हिरवी बाजू ठेवली. पैसे निम्म्याहून कमी आले. माझे अठरा हजार वहीत अजून उभे आहेत, आणि तो विषय मी काढत नाही. धनेशाची जोडी चांगली ढोली पुन्हा पुन्हा वापरते, असं वाचलंय. पण अर्ध्या फांद्या गेल्यावर हे झाड त्यांना पसंत पडेल का, हे त्यांनाच ठाऊक. मी फोनमध्ये रिमाइंडर लावलाय. एप्रिल, पहिला आठवडा, ‘दादाला फोन’.

जायचं असेल तर...

कसं जाल : पुण्या-मुंबईहून मेहकर-मालेगावमार्गे शेलूबाजार. रेल्वेनं यायचं तर अकोल्याला उतरा. तिथून मंगरुळपीर रस्त्यानं बार्शीटाकळी, महान करत शेलूबाजार.

काय बघाल : महान धरण, काटेपूर्णा अभयारण्य आणि कारंजाजवळचं काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य. निघण्याआधी प्रवेश सुरू आहे का, हे वन विभागाकडे विचारून घ्या.

कधी : कोरडी शिफ्ट बघायची तर मार्च-एप्रिल, भल्या पहाटे. ओली शिफ्ट बघायची तर जुलै-ऑगस्ट, रेनकोट घेऊन. फक्त पक्षीच बघायचे असतील तर ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. महाराष्ट्रात २०२० पासून हा पक्षी सप्ताह आहे.

काय करू नका : घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका, फांद्या बाजूला सारू नका. तुम्ही गेलात त्या वाटेनं कावळा आणि मांजर नंतर येतात. घरटी मोडणं, अंडी उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि गावात कुणाचं झाड विकायला निघालेलं दिसलं, तर लेक्चर देण्याआधी खिशात किती आहेत, ते बघा.